कोरडं अंथरूण

लुडविनाला वेणा सुरू झाल्या त्या मंगळवारी सकाळी, रताळ्याचे वेल लावता लावता. बाळ बाहेर आलं शुक्रवारी दुपारी, आणि ते मेलेलं होतं. मधले दिवस तिने कुमगाई गावात सासूच्या झोपडीत काढले, कारण गावच्या दवाखान्याचा माणूस मेहुण्याच्या लग्नाला खाली कुंडियावा शहरात गेला होता आणि दाराला कुलूप होतं. शेवटी नवऱ्याच्या भावकीतल्या सहा जणांनी दोन बांबूंना गोणपाट बांधलं, तिला त्यावर घातलं आणि डोंगर उतरून सडकेपर्यंत आणलं. तिथून ट्रकच्या मागे, कोबीच्या पोत्यांवर आडवी घालून, चर्चच्या हॉस्पिटलात. तेव्हा ती सतरा वर्षांची असावी. नक्की कुणी लिहून ठेवलं नव्हतं. नदीवरचा पूल वाहून गेला त्या साली ती जन्मली, एवढंच तिच्या आईला आठवत होतं.

पोर जिवंत राहिली याचंच सगळ्यांना नवल. आठव्या दिवशी ती घरी आली आणि दहाव्या दिवशी तिचं अंथरूण ओलं झालं. पहिल्यांदा तिला वाटलं, अशक्तपणामुळे झोपेत झालं असेल. पण सकाळी उठून चालू लागली तशी धार पायांवरून घोट्यापर्यंत आली, आणि ती थांबवायची म्हटलं तर थांबवायला आत काही उरलंच नव्हतं. लागल्याची जाणीवही नाही, आवरणंही नाही. नुसतं गळत राहायचं, दिवसरात्र.

सासूने झाडपाला केला. एका जाणत्याने सांगितलं की लग्नात मुलीच्या मामाला द्यायचं डुक्कर दिलं गेलं नाही म्हणून हे झालं. ते डुक्करही देऊन झालं, तरी गळणं थांबलं नाही. नवरा, बोमाई, वाईट माणूस नव्हता. पण धीराचाही नव्हता. काही महिने त्याने वाट पाहिली, मग गुमिनेकडची मोनिका नावाची धाकटी बायको करून आणली. लुडविनाला कुणी हाकललं नाही. डुकरांच्या कुंपणापलीकडे एक लहानशी झोपडी घालून दिली, एवढंच. डुकरं तिने सांभाळायची, आणि घरात येताना दाराशी बसायचं.

त्या झोपडीत ती नऊ वर्षं राहिली. शेवाळ वाळवून त्याच्या घड्या करायची, जुन्या कपड्यांचे तुकडे पहाटेच ओढ्याला धुऊन आणायची. मांड्यांना सोलून निघाल्यासारख्या जखमा व्हायच्या. गळणं कमी व्हावं म्हणून तिने पाणी पिणं जवळजवळ सोडलं होतं. त्याने गळणं कमी होत नाही, लघवी तेवढी जहाल होते आणि जखमा वाढतात, हे तिला फार पुढे कळलं. या सगळ्यात तिचे हात मात्र रिकामे नसायचे. ती दोऱ्याच्या पिशव्या विणायची, त्या आमच्याकडच्या बिलुम, ज्यात बायका रताळी नेतात, सरपण नेतात आणि झोपलेलं मूलही नेतात. तिच्या विणीला मागणी होती. बाजारात मात्र तिला बसता येत नसे. शेजारच्या बायका आपापली पथारी थोडी थोडी सरकवत लांब नेत आणि कुणी काही बोलत नसे. म्हणून पिशव्या विकायला मोनिका न्यायची आणि येताना मीठ, साबण, लोकर आणायची.

दोघींचं नातं सरळ नव्हतं. मोनिकाची जीभ धारदार. कुंपणापाशी उभी राहून म्हणायची, "थोरले, डुकरांना तुझा वास आवडतो गं. मी आले की पळतात मेली." पण साबणात तिने कधी कपात केली नाही, आणि ताप आला की पातेलंभर सूप कुंपणावरून आत द्यायची. एकदा बाजारातून आल्यावर तिने पिशवी खाली ठेवायच्या आधीच बातमी सांगितली. चर्चच्या हॉस्पिटलात किनाऱ्यावरची एक डॉक्टरीण आली आहे, आणि बाजारात भोंग्यावरून सांगत होते की बाळंतपणानंतर ज्या बायकांची लघवी आपोआप गळते त्यांनी या, त्यावर ऑपरेशन आहे.

आपल्यासारखं दुसऱ्या कुणाला होतं, भोंग्यावर सांगण्याइतक्या बायकांना होतं, हेच लुडविनाच्या कानांना खरं वाटेना.

"जा तू," मोनिका म्हणाली. "बरी झालीस तर माझीही कटकट जाईल."

डॉक्टरीणबाईंचं नाव हाने रारुआ. समुद्रकाठच्या, उकाड्यात वाढलेल्या. डोंगरातली थंडी त्यांना सोसायची नाही, म्हणून पांढऱ्या कोटाखाली दोन दोन स्वेटर घालून त्या वॉर्डात फिरत. त्यांनी लुडविनाला तपासलं. मूत्राशयात नळीने निळं पाणी भरलं आणि ते आत कुठून झिरपतं ते पाहिलं. मग रबरी हातमोजा घेतला, त्याला कात्रीने भोक पाडलं, त्यात पाणी भरलं आणि तो गळता मोजा तिच्या डोळ्यांपुढे धरला. नऊ वर्षं ती ज्याचं कारण शोधत होती ते हे.

"बाळाचं डोकं तीन दिवस हाडावर दाबून बसलं," त्या म्हणाल्या. "मधे सापडलेलं मांस मेलं, दहाव्या दिवशी गळून पडलं. तिथे हे भोक राहिलं. मूत्राशयातलं पाणी योनीत येतं आणि खाली गळतं. यात तुझं काही चुकलेलं नाही, आणि कुठल्या डुकराचंही."

लुडविना हसली. पुढे ती सांगायची की बऱ्याच वर्षांत एखाद्या माणसाच्या इतक्या जवळ बसून हसल्याचं तिला आठवत नव्हतं.

ऑपरेशनसाठी पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करत. पाय वर बांधायचे, डोकं खाली, म्हणजे जागा नीट दिसते. भोकाच्या कडेने चिरून मूत्राशयाची भिंत आणि योनीची भिंत एकमेकींपासून सोडवायची, दोन्ही मोकळ्या झाल्या की आधी मूत्राशय शिवायचं, मग वरची भिंत. सगळी करामत सोडवण्यात. ओढून ताणून शिवलेलं टिकत नाही. त्यानंतर चौदा दिवस लघवी बाहेर काढायला मूत्राशयात नळी. मूत्राशय भरता कामा नये. भरलं की फुगतं आणि शिवण उसवते.

ऑपरेशननंतर नवव्या दिवशी लुडविनाची आई आली. कुमगाईच्याही पलीकडच्या गावाहून दीड दिवस चालत, पाठीवर रताळी घेऊन. मुलीला कोरड्या चादरीवर पाहून ती खाटेच्या कडेवर बसली आणि रडली. बराच वेळ बसली होती. ती नळीवर बसली आहे, हे लुडविनाला कळत होतं. मूत्राशय भरून ओटीपोटात दाटून येत होतं. पण नऊ वर्षांत पहिल्यांदा आई तिला टेकून बसली होती. सरक, असं म्हणणं तिच्याने झालं नाही. संध्याकाळी चादर ओली होती.

हानेबाईंनी नंतर समजावलं की कारण नक्की सांगता येत नाही, जुनी जागा कडक झालेली होती, तशीही ती उसवली असती. लुडविनाने ऐकून घेतलं. आईला तिने हे कधीच सांगितलं नाही. म्हातारी मरेपर्यंत सगळ्यांना सांगत राहिली की पहिलं ऑपरेशन डॉक्टरला जमलं नाही. आणि हानेबाईंनीही ते तसंच राहू दिलं.

दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत चार महिने थांबायचं होतं. लुडविना गावी परत गेली नाही. वॉर्डामागच्या पडवीत राहिली, चादरी धुऊ लागली. या वेळी बाईंनी वेगळी रीत वापरली. योनीच्या बाहेरच्या ओठावर लहानशी चीर देऊन आतली चरबीची बोटभर जाड पट्टी सोडवली. पट्टीचं एक टोक रक्तवाहिनीसकट जागेवर ठेवलं आणि दुसरं कातडीखालून बोगदा करून आत ओढून मूत्राशयाच्या शिवणीवर पसरून बसवलं. वरून योनीची भिंत शिवली. दोन शिवणींच्या मधे अस्तर. ते जिवंत मांस असल्याने सोबत रक्त घेऊन येतं आणि शिवण धरून ठेवतं. ओठ जरा चपटा राहतो, बस्स.

चौदा दिवस लुडविनाने नळीवरून नजर हलवली नाही. दिवसाला चार-चार तांबे पाणी प्यायली. पंधराव्या दिवशी नळी काढली, निळं पाणी भरून पाहिलं, योनीत ठेवलेला कापसाचा बोळा पांढराच्या पांढरा बाहेर आला. दुपारी तिला लघवीला लागली. ती उठली, बाहेर गेली, बसली, आणि परत आली. चादर कोरडी होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या बाईने फक्त विचारलं, "झाली?" आणि लुडविना म्हणाली, "झाली."

बोमाई तिला न्यायला आला होता. एक डुक्कर मारतो म्हणाला, भावकीला जेवण घालतो म्हणाला. तिने विचार केला आणि नाही म्हणून सांगितलं. नऊ वर्षांनी कोरडं झालेलं अंथरूण आता कुणाबरोबर वाटून घ्यायची आपली तयारी नाही, असं ती पुढे हसत सांगायची. त्या दिवशी मात्र एवढंच म्हणाली की इथे काम लागलंय.

काम खरंच लागलं होतं. आधी धुणं, मग वॉर्डात झाडलोट, मग नळ्या पाहणं. नळी पाहण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्रत्येक खाटेपाशी उभी राहायची, थेंब पडतोय का बघायची, नळी कुठे मुडपली आहे का हाताने चाचपायची. भेटायला आलेल्या माणसांना तिने एकेक लाकडी ठोकळा बसायला दिला आणि खाटेवर बसायला बंदी केली. कुणी रुसलं तर रुसू दे. पेशंटने पाणी प्यायचं नाकारलं तर स्वतः भांडं घेऊन समोर बसायची आणि दोघींनी घोटाघोटाने संपवायचं. मिशनच्या सिस्टरने तिला संध्याकाळी अक्षरं शिकवली, म्हणजे तिला तक्ता भरता यावा. मग हानेबाईंनी तिला थिएटरमध्ये घेतलं. हत्यारं उकळून काढणं, दोरे मांडणं, पाय धरणं. बाहेरून येणारे पाहुणे डॉक्टर तिचे हात पाहून म्हणायचे की बिलुम विणणाऱ्या बाईला शिवणकाम सोपंच जाणार. त्यावर ती सांगायची, "बिलुमात एकही गाठ नसते. इथे सगळ्या गाठीच. काही संबंध नाही."

वर्षातून दोनदा ती डोंगरात जायची, बायका शोधायला. बाजारात उभं राहून विचारायचं नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. गाव आलं की ती आधी ओढ्यावर जायची, पहाटे, सगळ्यांच्या आधी. तिथे जी बाई एकटी कपडे धूत असेल तिच्या शेजारी बसायची आणि आपली हकिकत सांगायची. स्वतःची सांगून झाली की थांबायची.

दरवर्षी ऑगस्टात दोन आठवडे ब्रिस्बेनहून डॉ. फिलिपा ओडेल यायच्या. उंच, लाल केसांच्या, नाकावर सदा सोललेली कातडी. त्यांचा हात फार नाजूक चालायचा. केसाएवढा दोरा वापरायच्या आणि त्यांची शिवण सहा आठवड्यांनी शोधावी लागे. एका दुपारी वॉर्डाच्या ओट्यावर शेंगा खात बसलेल्या बायकांनी लुडविनाला भरीला घातलं की विचार, ही बाई वर्षातले उरलेले दिवस तिकडे काय करते. लुडविनाने विचारलं. ओडेलबाईंनी खरं ते सांगितलं: त्यांच्या शहरात बायका त्यांच्याकडे येतात आणि आतले ओठ कापून लहान करून घेतात. काहींना सायकल चालवताना, धावताना खरंच काचतं. पण पुष्कळजणींना काहीच दुखत नसतं. दिसायला बरं नाही असं वाटतं, म्हणून.

लुडविनाने ते बायकांना तसंच्या तसं सांगितलं. शेंगा फोडायच्या थांबल्या.

"कुणाला दिसतं?" तेरेसिया नावाच्या म्हाताऱ्या पेशंटने विचारलं. ही चाळीस वर्षं गळत असलेली बाई, त्याच आठवड्यात आलेली. चेहरा कडक ठेवून बोलायची, त्यामुळे ती चेष्टा करते आहे की नाही ते कळायला वेळ लागायचा. "शेजारणीचं पाहून आल्या का त्या? नाहीतर आपलं वाईट आहे हे कळतं कसं?"

ओडेलबाई म्हणाल्या की फोटोंत पाहतात, फोनवर, आणि त्या फोटोंतलंही मुळात दुरुस्त केलेलं असतं. कितीजणींना तर त्या फक्त आरसा आणि खऱ्या बायकांची चित्रं दाखवून परत पाठवतात की बाई, तुझं अगदी ठीक आहे. काहीजणी ऐकतात. काहीजणी दुसऱ्या डॉक्टरकडे जातात.

"म्हणजे," तेरेसिया म्हणाली, "आमचं फाटलेलं शिवायला ही इथे येते आणि धड असलेलं तिकडे कापते."

बायका पोट धरून हसल्या. ओडेलबाईंना लुडविनाने ते भाषांतर करून सांगितलं, एक शब्दही मऊ न करता. त्यांचा चेहरा केसांसारखा लाल झाला, आणि मग त्याही हसल्या. पण लुडविनाला पूर्ण हसू आलं नाही. बाजारात सरकवलेल्या पथाऱ्या तिला आठवत होत्या. कुणी काही बोललेलं नसताना आपणच आपल्याला घाण म्हणायला लागतो, तो प्रकार तिला ओळखीचा होता. संध्याकाळी हत्यारं मोजताना तिने ओडेलबाईंना विचारलं की कापून घेतल्यावर त्या बायकांना बरं वाटतं का. बाई म्हणाल्या, बहुतेकींना वाटतं. काहींना मग दुसरंच काही खटकायला लागतं. लुडविनाने मान हलवली आणि चिमटे डब्यात ठेवले.

त्याच ऑगस्टात, ओडेलबाई येण्याच्या आठवडाभर आधी, लुडविना कुमगाईखालच्या, सडकेवरच्या बाजारातून जात होती. मोनिकाची जागा रिकामी होती. शेजारची बाई म्हणाली, सात महिन्यांत आलेली नाही, पाचवं बाळंतपण झाल्यापासून अंगाला बरं नाही म्हणे. "म्हणे" हा शब्द लुडविनाला पुरला. ती डोंगर चढली.

मोनिका घरात दारापासून लांब, चुलीच्या पलीकडे बसली होती. बाळ दुसऱ्याच पोरीच्या कडेवर.

"कधीपासून?" लुडविनाने विचारलं.

"काय कधीपासून?"

"मी या घराच्या मागे नऊ वर्षं काढलीत, मोनिका. माझ्यापुढे नाटक करू नकोस."

मोनिकाने राखेत काडी फिरवली. मग सांगितलं. पोर मोठं होतं, घरीच झालं, आणि येताना तिला मागपर्यंत फाडून आलं. पुढचं द्वार आणि मागचं द्वार एक झालं होतं. शी धरवत नव्हती, वारा धरवत नव्हता. मागच्या ओट्यावर पोरांना निजवून ती तिथेच निजायची, बोमाईला सांगितलं होतं की पाठ दुखते.

"तुला बरं वाटत असेल," शेवटी ती म्हणाली.

लुडविनाला खोटं बोलता आलं असतं. "थोडं वाटलं," ती म्हणाली. "वर चढताना, वळणापर्यंत. मग दम लागला. ऊठ, उद्या सकाळी निघायचंय."

बोमाईने अंगणात उभं राहून हरकत घेतली. पाच पोरं, डुकरं, रताळ्याची काढणी. कोण बघणार.

"डुकरं मी नऊ वर्षं बघितली," लुडविना म्हणाली. "महिनाभर तू बघ. कुंपणापलीकडे झोपडी पडलीये, लागली तर उभी करून घे."

सकाळी मात्र मोनिकाची पिशवी त्यानेच सडकेपर्यंत उचलून आणली.

ऑपरेशन दोघी डॉक्टरणींनी मिळून केलं. मागचं द्वार आवळून धरणारा गोल स्नायू फाटला की त्याची दोन टोकं दोन्ही बाजूंना मांसात मागे सरकून बसतात. ती शोधणं हेच खरं काम. वरून कातडीवर दोन बारीक खळ्या दिसतात, त्यांच्याआड ती असतात. आधी आतड्याची भिंत शिवायची, मग ती दोन टोकं ओढून एकमेकांवर चढवून बांधायची, मग मधलं जाड मांस थराथराने उभं करायचं, आणि शेवटी कातडी. काम अर्ध्यावर आलं आणि वीज गेली. जनरेटर खोकला आणि बंद पडला. लुडविनाने बॅटरी घेतली आणि ओडेलबाईंच्या खांद्यावरून उजेड धरला. हात बदलायचा नाही, कारण उजेड हलतो. दंड पेटून निघाला होता. मोनिका शुद्धीत होती, फक्त कमरेखाली बधिर. पडद्याच्या पलीकडून ती विचारत होती की थोरली कुठाय. हानेबाई म्हणाल्या, "दिवा धरून उभी आहे. तू गप्प पड."

पाऊण तासाने शेवटचा टाका पडला. ओडेलबाईंनी हातमोजे काढता काढता सांगितलं की हाच दोरा, हीच शिवण त्या तिकडे रोज वापरतात. लुडविना म्हणाली, मग तिकडचं कामही अगदीच फुकट जात नाही म्हणायचं. ओडेलबाई म्हणाल्या, नाही, अगदीच नाही.

मोनिकाला आठवडाभर पातळ अन्न, पेज आणि भोपळ्याचं पाणी, आणि शौच मऊ राहायला रोज चमचाभर कडू औषध. ती वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुरकुर करायची. सहाव्या दिवशी ती लुडविनाला घेऊन मागे गेली, दाराबाहेर उभी केली आणि बराच वेळ आत बसली.

"थोरले," आतून आवाज आला, "मी थांबवू शकते. मधेच थांबवून बघितलं."

"खेळत बसू नकोस. टाके आहेत."

बाहेर आल्यावर मोनिका भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली की एक सांगायचं राहिलंय. बाजारात तुझ्या पिशव्या विकताना मी म्हणायचे, मीच विणल्यात. सगळ्यांना तसंच वाटतं अजून.

"माहीत होतं," लुडविना म्हणाली. "एका बाईने तुझ्याकडे शिकायला पोरगी पाठवली होती. तू तिला काय सांगितलंस?"

"माझा हात दुखतो म्हणून सांगितलं."

दोघी तिथेच भिंतीशी हसत राहिल्या, मोनिका पोट धरून, टाक्यांना ताण पडू नये म्हणून. सहा आठवड्यांनी ती गावी गेली. पुढचं एक बाळंतपण तिने हॉस्पिटलात, पोट कापून करून घेतलं आणि मग पुरे म्हणाली. बाजारात ती आपल्या जागेवर बसते. पिशव्या कुणाच्या, हे आता खरं सांगते की नाही, लुडविनाने विचारलेलं नाही.

हानेबाई तीन वर्षांनी निवृत्त होऊन समुद्राकाठी परत गेल्या, स्वेटर लुडविनाला देऊन. नवे डॉक्टर आले, तरुण, पुस्तकातून नीट शिकलेले. त्यांच्या पहिल्या फाटलेल्या केसमध्ये ते स्नायूचं टोक शोधत होते आणि सापडत नव्हतं. लुडविनाने हत्यारांकडे पाहत म्हटलं, "डॉक्टर, खळी आणखी डावीकडे आहे." त्यांनी तिकडे पाहिलं, टोक सापडलं. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं की तुम्हाला शिवता येतं का. तिने सांगितलं, येत असेल, पण परवानगी नाही; माझा कागद सफाई कामगाराचा आहे. त्यांनी अर्ज केला. उत्तर अजून आलेलं नाही. तिला त्याची घाई नाही. दिवसाला सहा खाटा असतात आणि नळ्या पाहायला कागद लागत नाही.

तेरेसिया म्हातारीचं ऑपरेशन मोनिकाच्याच आठवड्यात झालं होतं. चाळीस वर्षांची जागा दगडासारखी झालेली, चरबीचं अस्तर घालूनही खात्री नव्हती, पण ती कोरडी झाली. आता या वयात कोरडं होऊन काय करणार, असं तिला कुणीसं विचारलं होतं, तर ती म्हणाली होती, "बसणार." जाताना तिने कुणाचे आभार मानले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात तिची मुलगी डोंगर उतरून आली, रताळ्यांची पिशवी लुडविनापुढे ठेवली आणि सांगितलं की आई छातीत कफ होऊन गेली, तीन दिवसांत.

लुडविनाला वाईट वाटलं. चार महिनेच मिळाले, ती म्हणाली.

"चारही महिने ती कुणा ना कुणाच्या घरी जेवायला होती," मुलगी म्हणाली. "बोलावलं नाही तरी जायची. आत जाऊन चुलीजवळ बसायची आणि उठायचीच नाही. लोक कंटाळले होते अगदी."

लुडविनाने तिला बसायला ठोकळा दिला. पिशवीतली दोन रताळी निखाऱ्यात सारली, आणि ती भाजून होईपर्यंत तिने म्हातारीबद्दल सगळं विचारून घेतलं: कुणाकुणाच्या घरी गेली, काय जेवली, काय काय बोलली.